निर्णय कोरड्या अंगाने घे

अगं, तुझा निरोप वाचला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तुमचा ग्रुप पुण्याहून सायकलने महाबळेश्वरला निघतोय, एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. आणि आईने ‘या दिवसांत घाटात? काही नको,’ म्हणून फर्मान काढलंय. मी तिला समजवावं, अशी तुझी अपेक्षा. समजावते. पण आधी मला तुझ्याशीच बोलायचंय. चहा घे आणि निवांत बस.

पहिल्यांदा हे सांगते की, जा. नोव्हेंबरात तुला तीनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे आणि ती २० तासांत संपवावी लागते. एवढा दम ऐन वेळी येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडे लांब चढ मारणं जीव काढतं, दिवाळीनंतर तयारीला वेळ उरत नाही. मधले हे पावसाळ्याचे चार महिनेच हातात असतात. हवा गार असते आणि पसरणीसारख्या घाटात तासभर एका लयीत पेडल मारता येतं. शिवाय बीआरएमच्या दिवशी पाऊस आलाच, तर ओल्या रस्त्यावर सायकल कशी वागते हे तुला आधीपासून माहीत असलेलं बरं. तेव्हा सरावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मात्र माझी एक अट आहे. या ट्रिपमधले सगळे मोठे निर्णय तू घरी बसून, कोरड्या अंगाने, पोटभर जेवून घ्यायचे. कुठल्या परिस्थितीत निघायचंच नाही, कुठून मागे वळायचं, किती वाजेपर्यंत कुठे पोचलो नाही तर थांबायचं, हे सगळं आधी ठरवून कागदावर लिहायचं. घाटात गेल्यावर फक्त त्या कागदाप्रमाणे वागायचं. भिजलेलं, गारठलेलं, दमलेलं डोकं नीट विचार करत नाही, आणि आपण नीट विचार करत नाही आहोत हेही त्याला कळत नाही. पुढे मी जे काही सांगणार आहे, ते सगळं याच्याभोवतीच फिरतं.

आता हवामान. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, तर महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. अंतर जेमतेम बत्तीस किलोमीटर. पण पावसाचं म्हणशील तर ही दोन वेगळी जगं आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, आणि वाईला त्याहूनही कितीतरी कमी. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्याला अडतात, उंच चढतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे वाईत उघडीप बघून ‘पाऊस थांबलाय, चला,’ असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य नाही. तापमानही चढावर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी उतरतं. म्हणजे वाईहून महाबळेश्वरला पोचेपर्यंत चारेक अंश गेले, आणि वर भिजलेले कपडे आणि वारा.

म्हणून हवामान खात्याचा इशारा बघताना ‘सातारा जिल्हा’ एवढंच बघून थांबू नकोस. त्याच जिल्ह्यात माण-खटाव पावसाची वाट बघत असतं आणि महाबळेश्वर धो-धो भिजत असतं. घाटाचा इशारा बहुतेक वेळा वेगळा दिलेला असतो, तो शोधून वाच. पिवळा म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाची शक्यता, केशरी म्हणजे २०४.४ पर्यंत आणि लाल म्हणजे त्याच्याही वर. माझा हिशोब सरळ आहे. लाल असेल तर घरी बसायचं. केशरी असेल तर घाट नाही, सपाटीवर सराव. पिवळा असेल तर जायचं, पण ठरवलेल्या वेळा पाळून. आदल्या संध्याकाळी एकदा बघायचं, पहाटे निघताना एकदा आणि वाईत चहाला थांबलात की पुन्हा एकदा, कारण पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही खातं देत असतं.

हे मी घाबरवायला सांगत नाही. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाटाचा रस्ता वाहून गेला. पलीकडे महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि माणसं गेली. सह्याद्री मनात आणेल तेव्हा काय करू शकतो, हे आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा दिवशी तिथे असण्यात कसलंच शौर्य नाही.

घाटात दिसणाऱ्या काही खुणाही कागदावर लिहून ठेव. डोंगराच्या बाजूने बारीक खडे रस्त्यावर टपटपायला लागले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ लाल झालं, कठड्यालगत नवी भेग दिसली, झाड रस्त्याकडे कललेलं वाटलं, तर तिथे क्षणभरही थांबायचं नाही. आल्या पावली मागे वळायचं. ओढ्यावरच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल खांद्यावर घेऊनही ओलांडायचा नाही, मग गुडघाभर पाणी का असेना. खाली रस्ता उरलाय की नाही, ते वरून दिसत नाही. आणि कापलेल्या डोंगराच्या कुशीत उभं राहून धबधब्याचे फोटो काढायचा मोह आवर.

चढाची मात्र अजिबात धास्ती घेऊ नकोस. वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा चढ लांब आहे, पण जीवघेणा नाही. शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता येतील एवढ्याच दमाने चढ. पहिल्याच वळणांवर जोर केलास तर पाचगणी यायच्या आधीच पाय बोलायला लागतील. खाली बसून हलक्या गिअरवर पेडल फिरव. ओल्या रस्त्यावर उभं राहून जोर लावला की मागचं चाक घसरतं. आणि चढताना रेनकोट गच्च बंद करून चढू नकोस. आतून घामाने भिजशील ती बाहेरच्या पावसाइतकीच. त्याची चेन उघडी ठेव किंवा तो सरळ काढून ठेव. चढात शरीर स्वतःच तापलेलं असतं, भिजलीस तरी चालतं.

खरी गोष्ट माथ्यावर सुरू होते. थांबलीस की पाच मिनिटांत अंगातली ऊब जायला लागते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. त्यात उतारावर ताशी चाळीसचा वारा लागतो आणि पाय फिरत नसल्यामुळे शरीर नवी ऊब तयार करत नाही. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि त्याला बर्फ लागत नाही. सतरा-अठरा अंशांचा पावसाळी वारा आणि ओले कपडे एवढंही पुरतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाचगणीच्या एका टपरीवर आम्ही उभे होतो. आमच्यातला सगळ्यात तगडा गडी हातात चिक्कीची वडी घेऊन तिचा कागद सोडवत होता. उलटी केली, सुलटी केली, नखाने खरवडली, शेवटी दाताला लावली. कागद काही सुटेना. ओठ निळसर झालेले, आणि तोंडाने मात्र ‘चला रे, थांबलो तर जास्त गारठू’ चालू. बोलतानाही जीभ जड. आमच्यातल्या एकीने त्याला सांगितलं, अंगठा करंगळीला लावून दाखव. त्याला तो लावता येईना. टपरीवाल्या मावशींनी त्याला चुलीजवळ बसवलं, आम्ही ओला शर्ट काढून कोरडा घातला, डोक्याला टोपी, अंगावर मावशींची चादर, हातात साखर जास्त घातलेला चहा. इतकं होऊनही तो उतरायचंच म्हणत होता. आम्ही ऐकलं नाही, टेम्पो बोलावला. त्या हातांनी ब्रेक दाबता आला नसता, हे त्याला दुसऱ्या दिवशी पटलं.

ही अंगठा-करंगळीची परीक्षा लक्षात ठेव. माथ्यावर प्रत्येकाने करायची, अगदी लीडरनेही. ज्याला जमणार नाही, त्याने उतरायचं नाही आणि त्याला एकटं सोडून कुणीच उतरायचं नाही. हातपाय जोरजोरात चोळू नका. आणि कुणी ‘थोडी ब्रँडी घे, ऊब येईल,’ म्हणालं तर स्पष्ट नाही म्हण. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि आतली उष्णता उलट भराभर बाहेर जाते.

कोरड्या अंगाने घेतलेला निर्णय किती कामाला येतो, याची सायकलच्या जगातली मोठी गोष्ट इटलीतली आहे. १९८८ च्या ५ जूनला जिरो द इतालिया शर्यतीचा टप्पा गाविया खिंडीतून जात होता. खिंड २,६०० मीटरच्या वर. खाली पाऊस आणि वर हिमवादळ. अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन सायकलपटूच्या संघातल्या लोकांनी टप्पा सुरू व्हायच्या आधीच दुकानांतून लोकरी टोप्या, हातमोजे असले गरम कपडे विकत घेतले आणि माथ्याजवळ गरम पेयासह आपल्या खेळाडूंच्या हाती दिले. डच सायकलपटू योहान व्हान देर व्हेल्दे माथ्यावर सगळ्यांच्या पुढे होता, पण अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. उतारावर तो इतका गारठला की त्याला थांबून आसरा घ्यावा लागला आणि तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला. हॅम्पस्टन त्या टप्प्यात दुसरा आला, पण आघाडीवीराची गुलाबी जर्सी त्याला मिळाली आणि पुढे तो जिरो जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. चढात दोघांचेही पाय मजबूत होते. फरक पडला तो सकाळी विकत घेतलेल्या कपड्यांनी.

तुझं दुकान म्हणजे तुझी बॅग. त्यात एक कोरडा टी-शर्ट, शक्यतो लोकरीचा पातळ थर, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ टोपी, पायमोज्यांची आणि हातमोज्यांची कोरडी जोडी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. या पिशव्या चढात उघडायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी. त्या माथ्यासाठी आहेत. पोंचो नको, तो वाऱ्याने फुगतो, चाकात जातो आणि सायकल हलवतो. अंगाला बसणारं विंडचीटर घे, लाल, पिवळं, केशरी अशा उठून दिसणाऱ्या रंगाचं. आणि एक जुनी, बिनखर्चाची युक्ती सांगते. टपरीवर जुनं वर्तमानपत्र माग, चार पानं घडी करून छातीवर, जर्सीच्या आत सरकव. उतारावरचा वारा छातीला लागत नाही. युरोपातले सायकलपटू डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत.

आता उतार. दुसऱ्या दिवशी पसरणीतून खाली येताना मला तुझी सगळ्यात जास्त काळजी आहे. तुझ्या सायकलला रिमचे ब्रेक आहेत ना? रिम ओली असली की ब्रेक दाबल्यावर पहिले एक-दोन फेरे काहीच होत नाही. आधी पाणी पुसलं जातं, मग पकड येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके टेकवायचे, पाणी पुसून घ्यायचं आणि मग दाबायचे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. खरखर आवाज आला तर पॅडमध्ये वाळू अडकली आहे, थांबून ती काढ, नाहीतर रिम खरवडून जाते. निघण्याआधी नवे पॅड बसवून घे आणि जुने बरोबर ठेव. पावसात पॅड फार भराभर झिजतात, डिस्कवाल्यांचेही. टायर अठ्ठावीसचे असतील तर हवा नेहमीपेक्षा पाच-दहा पीएसआय कमी ठेव. आणि ट्यूब दोन घे. ओल्या रस्त्यावर काच आणि खडे टायरला चिकटून सहज आत घुसतात, पंक्चर जास्त होतात.

रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्यांचं लोखंड, कुजलेली पानं, वळणावर वाहून आलेली लाल माती आणि टपऱ्यांसमोर सांडलेलं ऑईल, या सगळ्यांवरून सायकल सरळ ठेवून जा, झुकवू नकोस. धुक्यात मागचा लाल दिवा चालूच हवा, पुढचाही. तुम्हाला रस्ता दिसतोय यापेक्षा तुम्ही एसटीच्या ड्रायव्हरला दिसताय का, हे महत्त्वाचं. वळणावर एसटीला सगळा रस्ता लागतो, तिला तो देऊन टाक. आणि शनिवार-रविवार टाळा. एक दिवस रजा टाका हवं तर. सुट्टीच्या दिवशी वळणावळणावर गाड्या उभ्या असतात, कणीस घ्यायला दारं धाडकन उघडतात, आणि काही गाड्यांतले लोक शुद्धीवर नसतात.

खाण्यापिण्याच्या बाबतीत आपण बायका फार चुकतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. पावसात तहान लागत नाही, गारठ्यात भूक मरते. घड्याळ लावून खा, तासाला दोनदा. राजगिऱ्याचे लाडू, केळी, शेंगदाण्याची चिक्की. चिक्कीचे कागद घरीच काढून डब्यात भर, का ते आता तुला माहीत आहे. आणि ‘बाथरूमला जावं लागेल’ म्हणून पाणी न पिणं ही आपली जुनी खोड, ती सोड. गारठ्यात तसंही लघवीला जास्त लागतं. सुरूर फाट्याच्या हॉटेलात, वाईत, पाचगणीत थांबे आधीच ठरवून घ्या, आणि ग्रुपमधल्या मुलांना सांगून ठेवा की या थांब्यांवर घाई चालणार नाही.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही आणि निघताना व्हॅसलिन सढळ हाताने लाव. दिवसभर ओल्या कपड्यात घासून कातडी सोलवटली तर दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. मुक्कामाला पोचलीस की चहाच्या आधी कपडे बदल. पाळीची तारीख जवळ असेल तर तेही हिशोबात धर, जे वापरतेस ते जास्तीचं घे आणि कोरड्या पिशवीत ठेव. त्या दिवसांत अंग साथ देत नसेल तर वाईहून परत फिर. कारण सांगायला तू कुणाला बांधील नाहीस.

आणि हाच नियम सगळ्या ग्रुपला लावा. घाटात कुणीही ‘परत’ म्हणालं की सगळे परत. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही, नंतर ग्रुपवर फोटो टाकून टोमणे मारायचे नाहीत. ही गोष्ट मी सगळ्यात कळकळीने सांगते आहे. मी पाहिलंय, तीन-चार जणांना मनातून मागे फिरायचं असतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याने म्हणायची वाट बघत पुढे जात राहतो. स्ट्राव्हा ॲपवर पाचगणीला संपलेली राइड ही अर्धवट राइड नाही. पसरणी चढलीस म्हणजे सरावाचा मोठा हिस्सा झाला. वर वीस किलोमीटर धुक्यात गारठून पाय काही जास्त मजबूत होत नाहीत.

तेव्हा कागदावर एवढं असू दे : पहाटे पाचला निघणार. दुपारी एकपर्यंत पाचगणी गाठली नाही तर मुक्काम तिथेच. संध्याकाळी पाचनंतर घाटात कुणी नाही. कुठल्या रंगाच्या इशाऱ्याला काय करायचं. कुठल्या खुणा दिसल्या की मागे वळायचं. वाईतल्या एका टेम्पोवाल्याशी आधी बोलून ठेवलेला नंबर. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. आणि घाटात रेंज जाते म्हणून फोन कुठून करणार त्या जागा : सुरूर, वाई, पाचगणी, मुक्काम.

आईला ‘काळजी करू नकोस’ असं म्हणू नकोस. तिला हा कागद दे. तिची भीती हवेत नाही, ती टीव्हीवर दरडी बघते आणि आपली पोर तिथे असेल असं तिच्या डोळ्यांसमोर येतं. तू कधी थांबणार, कुठे वळणार, किती वाजता फोन करणार हे तिच्या हातात असलं की तिला जिवाला घोर लावून बसावं लागणार नाही. आणि तिला दिलेला शब्द असल्यामुळे तूही तो सहज मोडणार नाहीस.

परत आल्यावर कितीही दमलीस तरी सायकल त्याच दिवशी धू, चेन पुसून तेल दे. दोन दिवस ओली ठेवलीस तर गंज चढलाच म्हणून समज.

कागद आज रात्रीच लिही, कोरड्या अंगाने. ग्रुपमधल्या प्रत्येकाची सही घे, एक प्रत आईला दे आणि एक मला पाठव. सही करायला जो कां-कूं करेल, त्याच्याबरोबर घाटात जाऊ नकोस. आईशी मी उद्या बोलते.